बटणावरचं कुंकू

लॅपटॉप बंद पडला की लोकांचं काम खोळंबतं. आमचा बंद पडला तेव्हा माझ्या वडिलांचं बोलणं बंद पडलं, आणि तो बंद पाडला मी. माझ्या धाकट्या भावाला हे अजून माहीत नाही. त्याच्या लेखी लॅपटॉपच्या आतच काहीतरी बिघडलं होतं.

अप्पांना नसांचा आजार झाला होता. आधी पायातली चप्पल निसटायला लागली, मग हातातला कप, मग जीभ जड झाली. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं ते मी दोनदा लिहून घेतलं आणि दोन्ही वेळा चुकीचं लिहिलं. वर्षभरात त्यांचं म्हणून हलणारं काय उरलं, तर डोळे आणि उजव्या हाताचं पहिलं बोट. हॉस्पिटलातल्या स्पीच थेरपीच्या बाईंनी त्या बोटाखाली एक गोल बटण बसवून दिलं. त्याची वायर लॅपटॉपला. पडद्यावर अक्षरं एकामागून एक उजळत जायची, हवं ते अक्षर आलं की अप्पा बटण दाबायचे, आणि वाक्य पुरं झालं की लॅपटॉप ते मोठ्यानं बोलायचा. आवाज एखाद्या बातम्या देणाऱ्या माणसाचा. आम्ही के. आर. पुरमचे, पिढ्यान्‌पिढ्या बेंगळूरचे, आमची मराठी अर्धी कन्नडात भिजलेली. त्या साहेबी आवाजात 'अक्का, स्वल्प पाणी' ऐकलं की पहिले आठ दिवस मी पदर तोंडाला लावून हसत होते.

घरात मला सगळे अक्काच म्हणतात, अप्पासुद्धा. थोरली ना मी. लग्न मोडून परत आले त्यालाही पंचवीस वर्षं झाली, तेव्हापासून अप्पा आणि मी दोघंच. मी तोंडाळ आहे हे गल्लीत कुणालाही विचारा. अप्पाही काही कमी नव्हते. रोजच्या वापरातली काही वाक्यं त्यांनी लॅपटॉपमध्ये आधीच तयार करून ठेवली होती, म्हणजे एकेक अक्षर शोधत बसायला नको. पंखा लाव. उशी वर घे. पाणी. आणि चौथं होतं, गप्प बस. ते कुणासाठी होतं हे सांगायला नकोच.

दुपारी दोन तास ते बोलायचे. प्रेमाचं वगैरे नाही हां. गच्चीवरच्या टाकीचा कॉक उलटा फिरतो. मागच्या दाराची कडी वर उचलून मग ओढायची, नाहीतर खिळा निघेल. मिक्सरची वायर एकदा तपासून घे. आपल्यामागे घर कसं चालवायचं ते मला शिकवत होते, आणि मी 'कळलं, कळलं' म्हणत भाजी निवडत बसायचे. डॉक्टरांना मी विचारलं होतं, बोट किती दिवस चालेल? ते म्हणाले, 'संक्रांतीपर्यंत चाललं तर नशीब म्हणा. रोज वापरू द्या, एक दिवसही चुकवू नका.'

आणि मग खंडेनवमी आली.

आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पूजेला बसतात. विळी, कात्री, पक्कड, शिवणयंत्र, माझ्या स्कूटरची किल्ली. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला उचलेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. अप्पांनी कारखान्यात चौतीस वर्षं लेथ चालवला होता. त्यांच्यासाठी दिवाळीपेक्षा मोठा सण हा. आदल्या दिवशी त्यांनी स्वतःच बटण दाबून दाबून सांगितलं, 'लॅपटॉप पण ठेव. तो माझं हत्यार.' मी म्हटलं, डॉक्टर म्हणालेत एक दिवसही चुकवू नका. तर म्हणाले, 'लेथला पण एक दिवस विश्रांती देत होतो.' आता यावर काय बोलायचं! मलाही ते पटलं होतं, खोटं कशाला सांगू.

सकाळी भावाचा फोन आला. तो मारतहळ्ळीला राहतो, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. मी कौतुकानं त्याला सांगितलं, तर म्हणाला, 'अक्का, पाटावर ठेव, फूल वाहा, पण त्याला कुंकूबिंकू थापू नको. चिखल करून ठेवशील.' माझं टाळकं सरकलं. वर्षभर अप्पांचं अंथरूण मी काढतेय, हा रविवारी सफरचंदं घेऊन येतो, आणि मला पूजा शिकवतोय! मी म्हटलं, 'तू तुझं बघ,' आणि फोन ठेवला.

अप्पांना उशा लावून बसतं केलं. लॅपटॉप बंद करायच्या आधी ते शेवटचं बोलले ते एवढंच, 'उद्या लवकर चालू कर.' मी हो म्हटलं.

पाट मांडला. अप्पांचा जुना मायक्रोमीटर, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, मध्ये लॅपटॉप. झाकण उघडंच ठेवलं, म्हणजे देवाला दिसेल. कोरडं कुंकू त्या गुळगुळीत प्लास्टिकवर टिकेना. फोन ठेवला तरी भावाचं ते 'चिखल' कानात घुमत होतं, आणि त्याच ईर्ष्येनं मी गंध उगाळलं, त्यात कुंकू कालवून दाट लेप केला आणि लॅपटॉप सुरू करायच्या बटणावर चांगला ठसठशीत टिळा लावला. जिथून सुरू होतो तिथंच लावावा, असं आलं मनात. वर अक्षता दाबल्या. फुलानं पाणी शिंपडलं.

अप्पांचं बोट चादरीवर टकटक टकटक करायला लागलं. डोळे माझ्या हातावर खिळलेले. मला वाटलं, गहिवरले. मी म्हटलं, 'हो, हो, नमस्कार करा. मी तुमच्या वतीनं करते.' ते टकटक करतच राहिले, मी आरती म्हणत राहिले.

दसऱ्याच्या सकाळी अंघोळ करून पहिलं काम तेच केलं. गंध वाळून कडक झालं होतं. ओल्या फडक्यानं खसाखसा पुसून काढलं. लॅपटॉप लखलखीत. चार्जर लावला, बटण दाबलं. दिवा लागला, आत पंखा फिरला, पडदा उजळल्यासारखा झाला आणि चार श्वासांत सगळं विझलं. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. दहा वेळा केलं असेल. अप्पा बघत होते.

भाऊ दुपारी आला, खिशात बन्नीची पानं, म्हणजे आमच्याकडचं दसऱ्याचं सोनं, घेऊन. सण होता ना. पानं तशीच राहिली. आधी त्यानं चार्जर बदलून पाहिला. मग चार्जर काढून सुरू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, काय तर म्हणे आतली उरलेली वीज निघून जाते. मग खालचे स्क्रू काढून बॅटरीच सोडवली, मेमरीची पट्टी काढली, खोडरबरानं घासून परत बसवली. दर वेळी तेच. दिवा, पंखा, चार श्वास, अंधार. शेवटी कपाळाचा घाम पुसत त्यानं विचारलं, 'अक्का, याच्यावर काही सांडलं होतं का?'

तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. मी अप्पांकडे बघितलं. त्यांची नजर माझ्यावरून त्या बटणावर गेली आणि परत माझ्यावर आली. हलता येत नाही अशा माणसाची नजर कशी असते ते मी वर्षभर वाचत होते. त्यांना ठाऊक होतं. हत्यार का अडलंय हे त्या खोलीत एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्याचं तोंड म्हणजे तेच हत्यार.

मी म्हटलं, 'नाही. काही नाही सांडलं.'

शब्दाला धरून पाहिलं तर खरंच होतं ते. सांडलं नव्हतं, लावलं होतं. पण मी खोटं बोलले, आणि का बोलले हेही सांगते. 'मी म्हटलं होतं' हे वाक्य मला त्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. बस्स. एवढ्यासाठी.

भाऊ म्हणाला, बॅटरी मेली असणार, मागवतो. सणाचे दिवस, ती यायला पाच दिवस लागले. दुसरा लॅपटॉप का नाही आणला, असं पुढे पुष्कळांनी विचारलं. अहो, आणला ना! त्याच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर बाहेरचं काही बसवू देत नाहीत. शेजाऱ्यांचा आणला, तर तो प्रोग्राम कसा बसवायचा ते थेरपीच्या बाईंनाच ठाऊक, आणि बाई दसऱ्याला गावी गेलेल्या, फोन लागेना. मोबाईलच्या काचेवर हवं तिथं बोट नेणं अप्पांना जमत नव्हतं.

मी पुठ्ठ्यावर अक्षरं लिहून एक कार्ड केलं. ओळीवर बोट फिरवायचं, बरोबर ओळ आली की अप्पांनी एकदा डोळे मिटायचे, मग त्या ओळीतलं अक्षर. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, हे आमचं आधीपासून ठरलेलं. एका शब्दाला पंधरा मिनिटं. डोळ्यांतून पाणी यायचं त्यांच्या. दुसऱ्याच दिवशी मी कार्ड समोर धरलं तर त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले आणि उघडलेच नाहीत. मीही चिडले. म्हटलं, 'सरी, राहिलं, नका बोलू! तुमचाच हट्ट होता पूजेचा.' हे मी बोलले. बापाला बोलले, आणि तोही असा पडलेला.

सुरुवातीचे दिवस त्यांचं बोट चादरीवर वाजत असायचं. मी स्वयंपाकघरात असले तरी ऐकू यायचं. पाचव्या की सहाव्या दिवशी ते थांबलं. मला वाटलं, रुसलेत. गोल बटण त्यांच्या बोटाखाली ठेवून बघावं हे मला सुचलं नाही. लॅपटॉपच नाही तर बटण कशाला, असा हिशेब. त्या आठवड्यात मी त्यांना तीनदा म्हटलं असेन, 'बसा रुसून.'

बॅटरी आली, बसवली. दिवा, पंखा, चार श्वास, अंधार. भावाला कामावर जायचं होतं. म्हणाला, 'दुकानात दे.' आठव्या दिवशी लॅपटॉप पिशवीत घालून मी पुलापलीकडच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदार माझ्याच वयाचा, चष्मा कपाळावर सरकवलेला. कन्नडमध्येच बोलला. त्यानंही तेच विचारलं, 'अक्का, पाणी, चहा, काही सांडलं होतं?' आणि मीही तेच उत्तर दिलं. एकदा बोललेलं खोटं बदलायला किती जड जातं! तिथं तर भाऊही नव्हता समोर. तरी नाही बोलले.

दोन दिवसांनी बोलावणं आलं. लॅपटॉप काउंटरवर उलटा, पोट उघडं. दुकानदार म्हणाला, 'पाणी गेलेलं नाही म्हणता, बॅटरी नवी आहे, मेमरी चांगली आहे. मग बोर्डच गेला असणार. दुसरीकडे पाठवावा लागेल. पंधरा दिवस, कदाचित जास्तही.'

पंधरा दिवस! मी मान खाली घातली, आणि खाली काउंटरवर त्याची हत्यारं पडली होती ती दिसली. दहा दिवसांपूर्वीची पूजा अजून त्यांच्यावर होती. मीटर पालथा पडला होता, त्याच्या पाठीवर कुंकवाचं बोट. सोल्डरिंगचा डाग द्यायच्या कावियाच्या मुठीवर एक. स्क्रू ड्रायव्हरांच्या मुठींवर एकेक. टोकाला नाही, बटणाला नाही, कुठंच नाही. सगळं कुंकू अंगाला.

लहानपणी आम्ही खंडेनवमीला अप्पांच्या कारखान्यात जायचो. त्या दिवशी बायकामुलांना आत सोडायचे. केळीचे खांब बांधलेले, लेथवर झेंडूची माळ. मी सहासात वर्षांची असेन, कुंकवाची वाटी घेऊन लेथच्या फिरत्या भागाकडे हात नेला, आणि अप्पांनी माझं मनगट धरलं. 'अंहं. फिरतं, दबतं, सरकतं तिथं कुंकू लावायचं नाही. पत्र्याला लावायचं.' लेथचं बाहेरचं अंग म्हणजे पत्रा. दर वर्षी हेच सांगायचे. चांगली पाचसहा वर्षं ऐकलंय मी ते.

मी तिथंच रडायला लागले. दुकानदार घाबरला, स्टूल पुढे केलं. मी म्हटलं, 'अण्णा, मी लावलंय. बटणावर. गंध आणि कुंकू कालवून. अक्षताही दाबल्या.'

त्यानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. लॅपटॉप सुलटा केला, पातळ पत्तीनं बटणाची टोपी उचलली. खाली लाल पिवळं खरपूड, भांड्याला लागलेल्या करपलेल्या दुधासारखं, आणि त्यात रुतलेला तांदळाचा अर्धा दाणा. बटण वरून मोकळं दिसत होतं, आत मात्र एकदा दाबलं की बराच वेळ दाबलेलंच राहत होतं. 'बटण दाबून धरलं की लॅपटॉप बंद होतो ना,' तो म्हणाला, 'तुम्ही दर वेळी त्याला सुरू करत होता आणि तोच हात त्याला बंद करत होता.' स्पिरिट आणि ब्रश. दहा मिनिटंही लागली नाहीत. टोपी बसवली, दाबलं. दिवा, पंखा, पडदा. आणि तो चालूच राहिला.

'अय्यो अक्का,' तो म्हणाला, 'पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं?'

मी पैसे मोजले आणि रिक्षा बोलावली.

रिक्षात लॅपटॉप मांडीवर चालूच ठेवला होता, बंद करायची भीती वाटत होती. घरी आले. अप्पांना बसतं केलं, वायर जोडली, गोल बटण बोटाखाली सरकवलं. पडद्यावर त्यांची वाक्यं एकेक करून उजळायला लागली. पंखा लाव. उशी वर घे. पाणी. गप्प बस. पुन्हा पंखा लाव. मी म्हटलं, 'बोला अप्पा. शिव्या द्या, काही म्हणा.' वाक्यं वरून खाली गेली, परत वर आली. बोट तसंच. मला वाटलं, अजून राग आहे. मी ते बोट हातात घेतलं. गार होतं, नुसतं लोंबत होतं. मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते सगळा जोर लावून बोटाकडे बघत होते.

ते रुसले नव्हते. चादरीवरची टकटक थांबली त्याच दिवशी बोट गेलं होतं, आणि ते मला सांगायची सोय नव्हती.

मी लॅपटॉप बाजूला केला आणि पलंगाच्या कडेला बसले. म्हटलं, 'अप्पा, मी खोटं बोलले. बटणावर मीच लेप लावला होता.' त्यांनी एकदा डोळे मिटले. 'तुम्हाला माहीत होतं?' एकदा. 'रागावलात?' ते थांबले, आणि मग एकदा मिटले. हो. मला बरंच वाटलं म्हणा. 'काही सांगायचंय?' एकदा.

मी कपाटावरून कार्ड काढलं. त्यांनी डोळे मिटून घेतले नाहीत या वेळी. काना-मात्रा सोडून द्यायच्या, मी अंदाजानं लावायच्या. पहिलं अक्षर प. मग ढ. च. मध्ये दोनदा डोळे पुसले, एकदा पाणी पाजलं. माझा हात भरून आला, बदलला. ऊन खिडकीतून कपाटापर्यंत सरकलं. तोवर पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला मी लिहिलेली अक्षरं जुळली होती. पुढच्या वर्षी पत्र्याला लाव.

मी म्हटलं, 'कळलं.' या वेळी खरंच कळलं होतं. त्यानंतर त्यांनी कार्डाकडे बघितलं नाही. थेरपीच्या बाई आल्या, डोळ्यांवर चालणाऱ्या मशीनबद्दल बोलल्या, भाऊ चौकशी करत होता. ते मशीन यायच्या आत, मार्गशीर्षात अप्पा गेले. संक्रांत पुढे होती.

दुसऱ्या वर्षीच्या खंडेनवमीला मी पाट मांडला. मायक्रोमीटर, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, मध्ये लॅपटॉप. भाऊही आला होता. मी झाकण मिटलं, वरच्या पत्र्यावर कोरडं कुंकू लावलं, एकच बोट. रात्रभर तो तसाच राहू दिला. दसऱ्याला सकाळी अंघोळ करून आले, झाकण उघडलं, बटण दाबलं. लगेच सुरू झाला.